जुन्या शहरातून बँकॉकला

अकोल्याच्या जुन्या शहरातून आम्ही प्रथमच बँकॉकला गेलो. थाई मित्राच्या घरी आठ दिवस राहिलो; आडनावावरून जात कोणी शोधली नाही.

१९९९ साली सुरू झालेली रेल्वे तेथे उंच पुलांवरून धावते. खाली पहाटे अनवाणी भिक्खू भिक्षेला निघतात. भाजीवाली चपला काढून त्यांच्या पात्रात भात वाढते. वाट फो विहारातील ४६ मीटर लांबीची पहुडलेली बुद्धमूर्ती पाहून हात आपोआप जुळले.

पण बाजारात बुद्धमूर्तीचेच ताईत विकतात! स्त्रीला भिक्खुणीदीक्षा देऊ नये, हा १९२८ चा संघादेशही कायम आहे. नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी मात्र बायामाणसांनी एकत्रच धम्मदीक्षा घेतली.

पहाटेचे दान आपल्या विहारात जरूर सुरू करू. ताईत तेवढे तेथेच राहू द्या. जयभीम!