पाण्याची बैठक: भिवंडीतली टिपणं

मुंबईचं पाणी भिवंडी तालुक्यातून जातं. भातसा धरण शहापूर तालुक्यात. तिथून सोडलेलं पाणी नदीतूनच खाली येतं, पिसे इथे अडवून उपसलं जातं, पांजरापूरला शुद्ध होऊन महानगराकडे निघतं. मुंबईलाच पाणी देणारं तानसा धरण तर १८९२चं. त्याच शहापुरात उन्हाळा तापला की आदिवासी पाड्यांवर टँकरची वाट पाहतात. पाऊस धो धो पडतो, पण उतारावरून आणि काळ्या कातळावरून वाहून जातो.

भिवंडी शहराला बरंचसं पाणी ‘स्टेम’कडून मिळतं. ठाणे, भिवंडी-निजामपूर आणि मीरा-भाईंदर या महापालिका अन् ठाणे जिल्हा परिषद अशा चौघांची ही सामाईक कंपनी. शहाडला उल्हास नदीतून उचलायचं, टेमघरला शुद्ध करायचं, चौघांत वाटून घ्यायचं. सरकारी यंत्रणा पाण्यासाठी एकत्र येऊ शकतात, तर स्वयंसेवी संस्था का नाही?

भिवंडीतली कामवारी नदी. तिच्यात सांडपाणी, डाईंगचं रंगीत पाणी, प्लास्टिक. नदीसाठी लढणारे वेगळे, वस्तीतल्या नळासाठी लढणारे वेगळे, वर डोंगरात बंधारे बांधणारे आणखी वेगळे. प्रत्येकाचा निधी वेगळा, अहवालही वेगळा.

नळाच्या लढाईत मोठं यश मुंबईत मिळालं. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये सांगितलं की झोपडी अनधिकृत आहे म्हणून पाणी नाकारता येणार नाही. भिवंडीतल्या यंत्रमाग कामगारांच्या वस्त्यांत हा निकाल घरोघरी माहीत असायला हवा.

एकत्र येण्याची रीत महाराष्ट्राला नवी नाही. १९६०च्या दशकातल्या दुष्काळानंतर संस्थांनी मिळून पुण्यात ‘अफार्म’ ही सामाईक संस्था उभी केली. अलीकडचं उदाहरण ‘वॉटर कप’ या गावांच्या जलसंधारण स्पर्धेचं. २०१६ मध्ये वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत सुरुवात झाली. पानी फाउंडेशनने गावकऱ्यांना शिकवलं, गावाने श्रमदान केलं, पुढे भारतीय जैन संघटनेने यंत्रं दिली. कोणा एकाच्या बळावर हे झालं नसतं. त्याच काळात भूजलाच्या अभ्यासकांनी बजावलं, की खालचा खडक न पाहता नाले खोल करत सुटलात तर नुकसान होईल. मला ही तक्रार मोलाची वाटते. ती कुदळ पडण्याआधी, सगळ्यांनी एका खोलीत बसून ऐकायला हवी.

मार्च २०२३ मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांची पाणी परिषद भरली. आधीची १९७७ची, अर्जेंटिनातल्या मार देल प्लाता इथली. मध्ये ४६ वर्षं! शेकडो संकल्प जाहीर झाले, बंधनकारक एकही नाही. उल्हास खोऱ्यासाठी इतकी वाट पाहायचं कारण नाही.

भिवंडीत एक खोली हवी. भिंतीवर खोऱ्याचा एकच नकाशा. शहापूरच्या विहिरींची पातळी, आटलेले झरे, टँकरच्या फेऱ्या, कामवारीच्या पाण्याच्या तपासण्या, कोरडे नळ, सगळं त्यावर. ज्याने मोजलं त्याने आणून लावायचं.

देणगीदार बंधाऱ्याला पैसे देतात, बैठकीला देत नाहीत. तेव्हा खोलीचं भाडं संस्थांनीच वाटून घ्यावं. आणि पाड्यावरची बाई बोलायला आली की तिचा रोज बुडतो. तो रोज आणि एसटीचं भाडं पहिल्याच खर्चात धरावं.