एका डावाला एकच नियम

बुद्धिबळ हा गरिबाला परवडणारा खेळ आहे. त्याला मैदान लागत नाही, बूट लागत नाहीत, पाऊस आला म्हणून तो थांबत नाही. एक पट आणि बत्तीस मोहरे घरात आले की चार माणसे वर्षानुवर्षे खेळतात. पट नसला तर फरशीवर खडूने चौसष्ट घरे आखता येतात. म्हणून तर आमच्या सेलूच्या वस्तीत हा खेळ जुना आहे. मोंढ्यात हमाली करणाऱ्यांनी, रेल्वेच्या गँगमध्ये राबलेल्यांनी, जिनिंगमध्ये कापसाचे बोजे वाहणाऱ्यांनी तो संध्याकाळच्या वेळी समाजमंदिराच्या ओट्यावर जपला.

अलीकडे मात्र या ओट्यावर वेगळीच भांडणे होऊ लागली. कोण जिंकले यावरून नव्हे, तर नियम कोणता यावरून! आमची म्हातारी माणसे देशी डाव खेळतात. लेकरे मोबाईलवर आंतरराष्ट्रीय डाव शिकून येतात. आजोबा आणि नातू एकाच पटासमोर बसतात आणि दहाव्या चालीला आवाज चढतो.

दोन्ही डावांत मोहरे तेच. राजा, वजीर, हत्ती, उंट, घोडा, प्यादे. फरक चालीत आहे. आमच्या ओट्यावरच्या देशी डावात प्यादे पहिल्यापासून एकेकच घर सरकते. राजाला शह बसलेला नसेल तर त्याला सबंध डावात एकदा घोड्यासारखे अडीच घर जाता येते. प्यादे शेवटच्या ओळीत पोचले की ज्या घरात पोचले त्या घराचे मोहरे होते. हत्तीच्या घरात हत्ती, घोड्याच्या घरात घोडा. समोरच्याचा नुसता राजा उरला की बुर्जी, म्हणजे डाव बरोबरीत.

आंतरराष्ट्रीय डावात प्याद्याला पहिल्या खेपेस दोन घरे जाता येते. राजाला अडीच घराची उडी नाही. त्याऐवजी राजा आणि हत्ती मिळून किल्लेकोट करतात. शेवटच्या ओळीत पोचलेल्या प्याद्याचा वजीर, हत्ती, उंट किंवा घोडा, आपल्याला हवे ते करता येते. एकटा राजा उरला तरी त्याला मात देता येते.

“मग यातले बरे बरे तेवढे घ्यावे आणि खेळावे,” असे काही जण म्हणतात. ऐकायला ते गोड वाटते. पण खेळाचे नियम हे भाजीत घालायच्या मसाल्यासारखे नसतात, की आवडेल ते चिमूटभर टाकले. एक नियम दुसऱ्या नियमाला धरून उभा असतो. देशी डावात प्यादी हळू चालतात, त्यामुळे लढाई उशिरा पेटते आणि राजाला सुरक्षित जागी जायला एक उडी पुरते. पुढे युरोपात खेळ लवकर रंगावा म्हणून प्याद्याला दोन घरांची मुभा मिळाली. पण मग शत्रूच्या प्याद्याला चुकवून दोन घरे पुढे निसटायची सोय झाली. ती पळवाट बुजवण्यासाठी, असे शेजारून निसटलेले प्यादे लगेच पुढच्या चालीत तिरके मारता येते, हा नियम आला. आता कुणी दोन घरांची चाल घेतली आणि मारण्याचा नियम सोडला, तर काय होईल? पळवाट तशीच उघडी राहील. कुणी किल्लेकोटही घेतला आणि अडीच घराची उडीही ठेवली, तर राजाला निसटायच्या दोन वाटा होतील आणि हल्ला करणाऱ्याने कपाळाला हात लावावा लागेल.

अशा भेसळीच्या डावात शेवटी जिंकते कोण? ज्याचा आवाज मोठा तो. “आमच्यात असेच असते,” असे मोठ्याने म्हटले की लहान लेकरू गप्प बसते. मुलगी असली तर ती पट सोडून उठूनच जाते. जो नियम आधी ठरलेला नाही, तो नेहमी दांडग्याच्या बाजूने फिरतो. हे आम्ही ओट्यावर पाहिले आहे आणि ओट्याबाहेरही पाहिले आहे.

याची खरी किंमत आमच्या वस्तीतल्या सातवीतल्या एका मुलीने मोजली. ती आजोबांकडून खेळ शिकली आणि बाकीचे मोबाईलवर बघून. एका स्पर्धेला तिचे वडील त्या दिवसाचा हमालीचा खाडा करून तिला घेऊन गेले. दुसऱ्या फेरीत ती एका हत्तीने पुढे होती. राजा अडचणीत येतोय असे दिसताच तिने त्याला अडीच घर उडवले. समोरच्या मुलाने हात वर केला. पंच आले. चाल नियमबाह्य ठरली, समोरच्याला दोन मिनिटे जादा मिळाली. शिवाय हात लावलेले मोहरेच हलवायचे असा नियम असल्याने राजालाच दुसरीकडे न्यावे लागले. तिथे तिचा वजीर गेला आणि डावही गेला. पंचांचे काही चुकले नव्हते. पण मागून कुणीतरी हसत म्हणाले, “हा कुठल्या खेड्यातला नियम?” ते तिला लागले. महिनाभर ती पटाजवळ फिरकली नाही. आजोबा तर म्हणू लागले, “आमचा डावच खोटा ठरला.”

आजोबांचा डाव खोटा नाही. पंजाबातले मीर सुलतान खान लहानपणी देशी डावच शिकले होते. आंतरराष्ट्रीय नियम त्यांनी मागाहून आत्मसात केले. १९२८ साली त्यांनी अखिल भारतीय स्पर्धा जिंकली. १९२९ साली ते लंडनला गेले आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद मिळवले. पुढे १९३२ आणि १९३३ सालीही ते त्यांनाच मिळाले. माजी विश्वविजेते कापाब्लांका यांना त्यांनी हेस्टिंग्जच्या स्पर्धेत हरवले. २०२४ साली जागतिक बुद्धिबळ महासंघाने त्यांना मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर किताब दिला. देशी डावाने त्यांची बुद्धी घडवली. पण स्पर्धेला बसताना त्यांनी दोहोंची खिचडी केली नाही.

आपल्या रेल्वेचेच पाहा. आमच्या सेलूवरून जाणारा मनमाडचा मार्ग पूर्वी मीटरगेज होता. मनमाडला मोठा रूळ भेटला की माल एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात भरावा लागे. १९९० च्या दशकात इथे मोठा रूळ आला आणि थेट गाड्या सुरू झाल्या. लहान रुळाने आपल्या बापजाद्यांना वर्षानुवर्षे पोचवले, त्याला नावे ठेवू नयेत. पण एक चाक लहान रुळावर आणि दुसरे मोठ्या रुळावर ठेवून गाडी चालत नाही.

म्हणून ओट्यावर सर्वांनी बसून एक ठरवले. दोन पट मांडायचे. एकावर पूर्ण देशी डाव, दुसऱ्यावर पूर्ण आंतरराष्ट्रीय. दोन्हींचे नियम भिंतीवर खडूने लिहिले. देशी डावाचे नियम आजोबांनी सांगितले आणि त्या मुलीने लिहिले. लिहिताना म्हाताऱ्यांमध्येच दोन मते निघाली, कारण घराघराची रीत निराळी! तीही मिटवून एकच नियम लिहिला. पहिले मोहरे हलण्याआधी दोघांनी भिंतीकडे बघायचे आणि मग खेळायचे. मध्येच नियम बदलायचा नाही, मग समोर कुणीही असो.

लिहिलेला नियम दुबळ्याच्या कामी येतो. १९७६ साली मुंबईच्या रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या तेव्हा मोठा गदारोळ झाला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि स्त्रियांना अशा स्पर्धांतून अडवता येणार नाही, असा निर्णय जागतिक महासंघाच्या अध्यक्षांनी दिला. आणि २०२५ साली नागपूरच्या दिव्या देशमुख हिने महिलांचा विश्वचषक जिंकला. आपल्या मुलींना ही नावे सांगा.

आईबापांना आमची एवढीच विनंती आहे. लेकराला पट आणून द्याल, तेव्हा कोणत्या नियमाने खेळायचे तेही ठरवून द्या. स्पर्धेला पाठवाल, तर तिथले नियम आधी मागून घ्या आणि घरी त्याच नियमांनी महिनाभर खेळवा. घरातल्या म्हाताऱ्यांचा डावही शिकून घ्या, पण तो त्यांच्या पटावर, पुरता आणि मानाने.

ती मुलगी आता दोन्ही पटांवर बसते. मोठ्या पटावर तिने परवा आम्हाला सत्तावीस चालींत मात दिली. देशी डावात आजोबा अजून तिला ऐकत नाहीत.