फाल्गुनातला घोळाणा



माघ सरून फाल्गुन लागला की शिवाराचा रंग पालटतो. शाळू पिकून काढणीला येतो. हरभऱ्याचे घाटे टचटचीत भरतात. पहाटे अंगावर घोंगडी हवीशी वाटते आणि दुपारी बांधावरच्या बाभळीची सावली शोधावी लागते. हिवाळी माळव्याचे हे शेवटचे दिवस. मेथी, कांद्याची पात, गाजर, मुळा, टोमॅटो, कोथिंबीर असे सारे एकाच वेळी मळ्यात हजर असते. पुढे ऊन तापले म्हणजे मेथी फुलावर येऊन कडवट होते आणि मुळ्याच्या पोटात जाळी पडते. म्हणून भाजी कच्ची खायची तर ती आत्ताच.

शहरात ताटाच्या कडेला गाजर-काकडीच्या चकत्या मांडतात आणि त्याला सॅलड म्हणतात. आपल्या सोलापूर-मराठवाड्याकडे त्याहून सरस पदार्थ पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तो म्हणजे घोळाणा. चूल नको, फोडणी नको. हाताशी भाकरी असली की झाले.

असे असूनही, ज्यांच्या मळ्यात माळवे पिकते त्यांच्याच ताटात ते कमी दिसते. कृषी विस्ताराच्या कामात माझी बरीच वर्षे बांधावर गेली. भल्या पहाटे कोवळ्या, हिरव्यागार जुड्या बांधून टेम्पोत चढताना मी पाहतो; घरात राहतो तो पिवळा, किडका पाला. भाव पडला म्हणजे उभ्या मेथीवर रोटाव्हेटर फिरतो, आणि त्याच घरी दुपारी पिठले-भाकरी आणि लोणचे एवढेच जेवण असते. एका कारभाऱ्यांना मी याबद्दल विचारले. ते हसून म्हणाले, “साहेब, घरी खाल्लेल्या जुडीची पट्टी मिळत नाही.”

त्यांचे म्हणणे खोटे नाही. आडत्या पट्टी देतो ती विकलेल्या मालाची. पण न खाल्लेल्या भाजीचीही एक पट्टी असते, आणि ती दवाखान्यात फाटते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. खुरपणी करताना धाप लागणे, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येणे, या गोष्टींना आपण “बाईमाणसाचं चालायचंच” म्हणून सोडून देतो. ते चालायचे नव्हे.

याची कारणे अनेक आहेत, पण एक कारण आपल्या स्वयंपाकघरात बसलेले आहे. घरातली पुरुष मंडळी जेवतात, मग मुले, मग म्हातारी माणसे. भाजी निवडणारी, चिरणारी, करणारी बाई शेवटी बसते. तोवर भांड्याच्या तळाशी रस्सा तेवढा उरलेला असतो. तो ती कोरड्या भाकरीशी लावून उठते.

आता घोळाणा कसा करायचा ते पाहू. पाच माणसांना कोवळ्या मेथीची एक मोठी जुडी, मूठभर कांद्याची पात, एक गाजर आणि एक टोमॅटो पुरे. भाजी आधी धुवावी, मग चिरावी. चिरून धुतली तर सत्त्व पाण्याबरोबर जाते. मेथी बारीक चिरावी, गाजर किसावे. त्यावर दोन चमचे कच्चे शेंगदाण्याचे किंवा करडईचे तेल घालून हलक्या हाताने घोळावे. तेल केवळ चवीसाठी नाही. गाजर आणि पालेभाजीतला डोळ्यांना उपयोगी असा अंश तेलाबरोबर अंगी लागतो. मग मूठभर दाण्याचे कूट आणि बेताचे तिखट. मीठ आणि अर्ध्या लिंबाचा रस अगदी पानावर वाढताना घालावा. मीठ आधी घातले तर भाजीला पाणी सुटते. मेथीचा कडवटपणा जावा म्हणून ती मीठ लावून पिळू नये.

लिंबाचा कंटाळा करू नका. पालेभाजीत लोह असते, बाजरीच्या भाकरीतही असते, पण ते सहजी रक्तात उतरत नाही. लिंबातल्या ‘क’ जीवनसत्त्वाने ते उतरायला मदत होते. हे जीवनसत्त्व उष्णतेने नासते, म्हणून लिंबू कच्चेच पिळावे. जेवणावर लगेच चहा घेतला तर उलटा परिणाम होतो. चहा तासाभराने घ्यावा.

कच्चे खायचे तर दोन पथ्ये कडक पाळा. पहिले औषध फवारणीचे. डब्याच्या लेबलावर फवारणीनंतर किती दिवस काढणी करू नये ते छापलेले असते. त्या दिवसांच्या आत ती भाजी कच्ची नव्हे, शिजवूनही खाऊ नये. आणि जी आपण खाऊ नये ती दुसऱ्याला विकूही नये. दुसरे पथ्य पाण्याचे. मोरीचे सांडपाणी केळीला, शेवग्याला द्या; कच्च्या खायच्या पालेभाजीला विहिरीचे स्वच्छ पाणीच हवे. घाण पाण्यातून आणि मातीतून जंत पोटात जातात. भाजी तीन पाण्यांनी चांगली धुवा.

सर्वांत बरे म्हणजे घरामागे सहा फूट लांब, तीन फूट रुंद असा एक वाफा केवळ घरासाठी राखा. त्यात कुजलेले शेणखत मिसळा आणि किराणा दुकानातले साधे मेथीदाणे ओळीत पेरा. बियाणे म्हणून विकलेल्या, औषध लावलेल्या दाण्यांपैकी उरलेले मात्र चुकूनही स्वयंपाकात घेऊ नका. अर्धा वाफा आज आणि अर्धा दहा दिवसांनी टाकला म्हणजे कोवळी भाजी जास्त दिवस पुरते. दुपारच्या उन्हाला वर जुन्या साडीची सावली करा. फाल्गुनाच्या आरंभी टाकलेली मेथी पाडव्याच्या सुमारास कापणीला येते.

घोळाणा हे रक्त कमी असण्यावरचे औषध नव्हे, हेही स्पष्ट सांगतो. धाप लागत असेल, चक्कर येत असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या. बाईमाणसाचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली आणि गरोदरपणी ११ च्या खाली असेल तर ते कमी समजतात. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या पूर्ण घ्या. घोळाणा त्या गोळ्यांच्या जोडीला आहे, त्यांच्या जागी नाही.

बंधूंनो, पिकाला खताचा हप्ता चुकला तर आपण हळहळतो. दुभत्या गाईची पेंड कमी झालेली आपल्याला चालत नाही. मग घर आणि शेत दोन्ही ओढणाऱ्या माउलीच्या खुराकाचा हिशेब कोणी ठेवायचा? बाजाराला जुड्या बांधाल तेव्हा पहिली चांगली जुडी घरासाठी बाजूला काढा. आणि घोळाणा वाढायला घेतला की पहिला वाटा तिच्या ताटात पडू द्या, तोही सर्वांच्या पंक्तीला बसून.