त्या फोटोतला मुलगा आणि भाचीची ॲडमिशन

भाचीचा बीएएसएलपीला नंबर लागला. मुंबईत. घरी पेढे आले, पण शेजारी सांगता सांगता ताईची दमछाक झाली. डॉक्टर होणार का? नाही. मग नर्स? नाही. शेवटी तिनं सोपं करून टाकलं, "कानाचं मशीन बसवतात ना, ते."

तर मंडळी, ही चार वर्षांची पदवी आहे. तीन वर्षं शिक्षण, एक वर्ष इंटर्नशिप. कान तपासायचे, ऐकू न येणाऱ्याला नेमकं काय लागेल ते ठरवायचं. तोतरं बोलणारं पोर असो की लकव्यानं वाचा गेलेले आजोबा, त्यांना बोलतं करायचं. मशीन बसवणं हा त्यातला एक तुकडा.

ताई म्हणाली, "तू पत्रकार आहेस, जगाचं बघितलंयस. चार गोष्टी सांग तिला." मी हो म्हणालो आणि दोन दिवस फोनच केला नाही. सांगायला बसलो की मला एक फोटो आठवतो. मीच काढलेला.

२०१७ चा सप्टेंबर. तालुक्यातल्या एका नेत्याचा वाढदिवस, त्यानिमित्त मंगल कार्यालयात मोफत श्रवणयंत्र वाटप. स्टेजवर सत्कार, लाऊडस्पीकर फुल, आणि त्याच हॉलच्या कोपऱ्यात टेबल टाकून कानाची तपासणी. कान तपासायला आवाजबंद खोली लागते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पण एवढ्या गोंगाटात बारीक आवाज कुणाला ऐकू येणार, एवढं तरी डोक्यात यायला हवं होतं. नाही आलं. आलेल्या जवळपास सगळ्यांना एकच मशीन मिळालं. शर्टाच्या खिशात ठेवायचं, वायरवालं. कानाच्या मापाचा साचा नाही, नंतर कधी बोलावणं नाही. आमच्या गल्लीतल्या आक्कांनी ते दोन दिवस लावलं आणि "कानात गिरणी चालू झाल्यागत वाटतंय" म्हणून पिठाच्या डब्याशेजारी ठेवून दिलं. पुढं जिल्ह्याला दाखवलं तर एका कानात नुसता मळ साचलेला. काढला आणि त्या कानानं बरंच ऐकू यायला लागलं. शिबिरात कुणी कानात डोकावूनही बघितलं नव्हतं.

आक्कांचं ठीक आहे. मुलाचं सांगतो.

ऊसतोड कामगाराचं पोर, साडेतीन वर्षांचं. नेत्यानं त्याला मांडीवर घेतलं, कानात मशीन घातलं, पोर हसलं, मी क्लिक केलं. दुसऱ्या दिवशी आमच्या जिल्हा पानावर तीन कॉलम. खाली ओळ, 'चिमुकल्याला मिळाली श्रवणशक्ती'. ओळ माझीच. वाढदिवसाची अर्ध्या पानाची जाहिरातही आमच्याकडेच होती, ते वेगळं सांगायला नको.

दिवाळीनंतर ते कुटुंब कोयता घेऊन कारखान्याला गेलं. बापाला कुणीतरी सांगितलं होतं, मशीन लावत राहा, हळूहळू बोलेल. तो लावत राहिला. फडात वायर तुटली, त्यानं जोडून घेतली. आठवड्याच्या खर्चीतून पेन्सिल सेल आणत राहिला. एक पट्टा पडला, दुसरा पडला. पोर बोललं नाही. २०१९ च्या उन्हाळ्यात तो ते पेपरचं कात्रण घेऊन माझ्याकडे आला. भांडायला नाही. "साहेब, तुमी लिवलं हुतं, तवा तुमालाच माहीत आसंल पुढं काय करायचं."

जिल्ह्याच्या ठिकाणी बेरा तपासणी झाली. डोक्याला इलेक्ट्रोड लावून, मूल झोपेत असताना करतात ती. दोन्ही कान जवळजवळ पूर्ण बंद, जन्मापासून. तसलं खिशातलं मशीन त्याला कधीच उपयोगाचं नव्हतं. केंद्राच्या एडिप योजनेतून अशा मुलाचं कॉक्लिअर इम्प्लांट मोफत होतं, पण जन्मतः बहिऱ्या मुलाला वयाची अट पाच वर्षं. हा सव्वापाचचा. अट उगाच नाही, भाषा शिकण्याची मेंदूची वेळ असते. खरं तर पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू, असं त्या शास्त्रात सांगतात. शिबिराच्या दिवशी आधीच उशीर झाला होता, पण दार उघडं होतं. ते बंद होईपर्यंत बाप सेल बदलत राहिला.

पोर आज निवासी शाळेत आहे. खुणांची भाषा फटाफट येते, चित्रं झकास काढतो. त्याचं वाटोळं झालं असं कुणी म्हणू नका, ते खरं नाही. पण इम्प्लांट करायचं की नाही, हे ठरवायचा हक्क आई-बापाचा होता. तो त्या टेबलावर गेला आणि त्यांना कळलंही नाही.

त्याच धावपळीत टेबलावरचा तो पोरगा भेटला. फोटोच्या कडेला अर्धा दिसतो, म्हणून ओळखला. तेव्हा इंटर्न होता. फॉर्मवर शिक्का आणि नोंदणी नंबर दुसऱ्याच कुणाचा, तपासणी याची. मी विचारलं, तुला कळलं नव्हतं का? म्हणाला, "कळलं होतं सर. तो कशालाच वळत नव्हता. मी म्हटलंही की याला बेरा लागेल. ते म्हणाले, शिबिर आहे हे, दवाखाना नाही. पुढचा घे." आणि यानं पुढचा घेतला. मला त्याचा राग आला आणि लगेच ओसरला. मीही त्या दिवशी पुढचाच फोटो घेतला होता.

कायदा आहे. पुनर्वास परिषदेचा, १९९२ चा. नोंदणीशिवाय हे काम करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हजार रुपये! चांगलं मशीन बाजारात कितीला पडतं ते विचारून बघा एकदा.

भाचीला मी अमेरिकेतली एक गोष्ट सांगितली. १९३९ सालची. आयोवा विद्यापीठात वेंडेल जॉन्सन नावाचे तोतरेपणाचे मोठे अभ्यासक होते. त्यांच्या हाताखालच्या मेरी ट्यूडर या विद्यार्थिनीनं प्रबंधासाठी अनाथाश्रमातली २२ मुलं घेतली. त्यातल्या नीट बोलणाऱ्या सहा मुलांना महिनोन्‌महिने सांगत राहिली की तुम्ही अडखळता, नीट बोलता येत नसेल तर बोलूच नका. मुलं मिटत गेली. शास्त्र म्हणून ते सिद्ध झालं नाही, पण मुलांचं व्हायचं ते झालं. ट्यूडर नंतर स्वतःहून त्या आश्रमात परत गेली, बिघडवलेलं सावरायला. फारसं सावरलं नाही. प्रबंध ग्रंथालयात पडून राहिला. २००१ मध्ये एका वर्तमानपत्रानं प्रकरण बाहेर काढलं, विद्यापीठानं माफी मागितली, २००७ मध्ये राज्यानं ९ लाख २५ हजार डॉलर भरपाई दिली. तोवर ती मुलं म्हातारी झाली होती, काही गेलीही होती.

भाची म्हणाली, "पण मामा, ती तर विद्यार्थिनी होती. सरांना नाही कसं म्हणणार?"

मी म्हटलं, तेच तर. तुलाही सर सांगतील, मालक सांगेल, आणि सगळ्यात जास्त आपलीच माणसं सांगतील. कानाच्या साध्या तपासणीत आवाज ऐकू आला की बटण दाबायचं असतं. दाबलंच नाही की झाला बहिरा. ४० टक्क्यांच्या दाखल्यावर नोकरी, बदली, सवलती. "तेवढं बसवून द्या, गाववाला आहे," असा फोन मलाच दोनदा आलाय. उद्या माझं नाव सांगून कुणी तुझ्याकडे आलं, तर बेरा करून घे आणि कागदावर जे येईल तेच लिही. माझ्याशी बोलणं बंद केलंस तरी चालेल.

ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "मामा, त्या बातमीची दुरुस्ती छापलीस का तू?"

नाही छापली. तेव्हा संपादकांना विचारलं होतं, ते म्हणाले, जुनं कशाला उकरतोस. मीही पुढचं घेतलं.

तर ही दुरुस्ती. सप्टेंबर २०१७ मध्ये माझ्या नावानं 'चिमुकल्याला मिळाली श्रवणशक्ती' अशी फोटोओळ छापून आली. ती खोटी होती. त्या मुलाला काहीही मिळालं नव्हतं. मी खात्री केली नव्हती.

त्या किंवा तसल्या कुठल्याही शिबिरातलं मशीन तुमच्या घरी कपाटात पडून असेल, तर फेकू नका आणि माणसालाही तसंच ठेवू नका. नीट तपासून घ्या, तपासणाऱ्याला नोंदणी क्रमांक बिनदिक्कत विचारा. आणि लहान मूल हाकेला वळत नसेल, तर "मुलगे उशिरा बोलतात" म्हणत थांबू नका. जिल्हा रुग्णालयात न्या. जायला गाडी नसेल तर मला फोन करा. रविवार सोडून कधीही.