दहा बोटांचा दाखला

अंगठा उठविणाऱ्यास सही करावयास शिकविणे, हा आमच्या वेळच्या शिक्षकांचा एक अभिमानाचा विषय होता. ज्या तालुक्याच्या गावी आम्ही छत्तीस वर्षे मास्तरकी केली, तेथील रात्रीच्या प्रौढवर्गात कितीतरी वृद्धांनी आपल्या नावाची अक्षरे आमच्या समक्ष प्रथम गिरविली. त्याच आम्हांस वयाच्या पासष्टाव्या वर्षी परमुलखात जाऊन एक सोडून दहाही बोटे उमटवून द्यावी लागली. आणि तीही कशाकरिता, तर आपल्याच सुनेच्या घरात, आपल्याच नातवाशेजारी राहता यावे म्हणून! ही हकीकत वाचकांस मौजेची वाटेल. आम्हांस ती प्रथम अपमानाची वाटली, मग मौजेची वाटली; आणि अखेरीस तिने आमच्यापुढे जो प्रश्न टाकला, तो सांगितल्यावाचून राहवत नाही म्हणून हा लेख लिहावयास घेतला आहे.

आमचे चिरंजीव बरीच वर्षे अमेरिकेत, कॅलिफोर्निया राज्यातील फ्रीमाँट या गावी असतात. गतवर्षी आम्ही उभयता तेथे सहा महिन्यांच्या मुक्कामास गेलो. निघण्यापूर्वीच सूनबाईने दूरध्वनीवरून कळविले होते की, ती घरीच पाळणाघर काढीत आहे. ही वार्ता ऐकून आमच्या कपाळास आठी पडली. इतकी शिकलेली सून, आणि ती चार लोकांची पोरे धुवून-पुसून पैसे मिळविणार! आम्ही तसे बोलूनही दाखविले. त्यावर आमच्या मंडळींनी पोळी लाटता लाटता विचारले, "आणि तुम्ही जन्मभर काय केलेत? लोकांची पोरेच सांभाळलीत ना? मग तिने पगार घेतला तर तुम्हांला का खुपावे?" या प्रश्नास उत्तर नव्हते. आम्ही बॅग भरू लागलो.

तेथे पोहोचल्यावर सूनबाईने सरकारी नियमांची एक जाडजूड चळतच आमच्यापुढे ठेवली. आम्हांस वाचनाची हौस, आणि करण्यासारखे दुसरे काही नव्हते. म्हणून चिरंजीवांच्या मदतीने आम्ही ती चाळली. दुसऱ्याचे मूल स्वतःच्या घरी मोल घेऊन सांभाळण्यापूर्वी त्या राज्याच्या समाजकल्याण खात्याचा परवाना घ्यावा लागतो. स्वतःच्या मुलांखेरीज एकाच कुटुंबाची मुले सांभाळावयाची असतील तर परवान्यावाचून चालते. परवाना दोन प्रतींचा असतो. लहान घरास साधारण सहा मुलांची मर्यादा असते, आणि काही अटी पाळल्यास आठांची. मोठ्या घरास बारांची, आणि तशाच अटींवर चौदांची. मात्र तेथे मदतनीस पाहिजे. दोन वर्षांखालील तान्ही मुले किती घ्यावयाची याचा हिशेब निराळाच. लहान घरात केवळ तान्हीच घ्यावयाची तर चारांहून अधिक नाहीत. एकूण आठ मुले असतील तर त्यांत तान्ही दोनच. शिवाय स्वतःची दहा वर्षांखालील मुलेही याच संख्येत धरावयाची. आमचा नातू तीन वर्षांचा. तेव्हा आपल्याच घरात तोही एक आकडा होऊन बसला.

आम्ही ज्या वाड्यात वाढलो तेथे चुलत, मावस, आते अशी पंधरा-सोळा मुले एका वेळी नांदत. ती मोजली कोणी? मोजण्याचा प्रसंग जेवणाच्या पंगतीसच यावयाचा, आणि एखादे पान रिकामे दिसले म्हणजे मूल कोठे आहे याची चौकशी व्हावयाची. हे आम्ही मोठ्या ऐटीत सूनबाईस सांगितले.

पुढे वाचू लागलो. औषधे, धुण्याचे पदार्थ मुलांच्या हाती लागणार नाहीत असे ठेवले पाहिजेत, आणि विषारी द्रव्ये कुलपात पाहिजेत. धुराची सूचना देणारे यंत्र व आग विझविण्याचे नळकांडे पाहिजे. आग लागल्यास मुलांना बाहेर कसे न्यावयाचे याची तालीम निदान सहा महिन्यांतून एकदा करून तिची लेखी नोंद ठेविली पाहिजे. अंगणात पोहण्याचा तलाव असल्यास तो मुलांच्या आवाक्याबाहेर ठेविला पाहिजे, आणि भोवती कुंपण घातल्यास ते निदान पाच फूट उंचीचे पाहिजे. चाके लावलेल्या कड्यात मुलास बसवून फिरविण्याचा पांगुळगाडा घरात आणावयाचाच नाही. घरात बंदूक असेल तर ती कुलपात, आणि काडतुसे निराळ्या कुलपात! हा शेवटचा नियम वाचला तेव्हा आपण कोणत्या देशी येऊन पडलो आहो याची आम्हांस खरी जाणीव झाली.

"इतके नियम लिहिण्यास या लोकांना सवड तरी कशी मिळते?" असे आम्ही हसत म्हणालो. सूनबाई मात्र हसली नाही. ती म्हणाली, "बाबा, हे कोणी हौसेने लिहिलेले नाही. यांतल्या बहुतेक नियमांमागे कुठले ना कुठले एक मूल आहे." आमच्या वाड्यातील विहिरीस कठडा केव्हा बांधला गेला ते आम्हांस त्या क्षणी आठवले. आम्ही सात वर्षांचे होतो. तो कोणामुळे बांधावा लागला, हे आमच्या आईने मरेपर्यंत मोठ्याने उच्चारले नाही. पंधरा-सोळा मुलांचा आमचा हिशेब आम्ही सांगितला होता तितका बिनचूक नव्हता.

बोटांचे प्रकरण चिरंजीवांनी काढले. सूनबाईच्याने ते बोलवेना. घरात राहणाऱ्या प्रत्येक अठरा वर्षांवरील माणसाच्या बोटांचे ठसे देऊन, त्याच्या नावावर काही गुन्हा नाही ना, हे सरकारदप्तरी पडताळून घ्यावे लागते. क्षयरोग नसल्याचा वैद्यकीय दाखलाही लागतो. आम्ही तेथे सहा महिने राहणार, म्हणून तो नियम आम्हांसही लागू. आम्हांस संताप आला. छत्तीस वर्षे ज्याच्या हाती गावाने आपली मुले निःशंकपणे सोपविली, त्याची चौकशी करणार? त्या रात्री आम्ही जेवणावर रागावलो. मंडळी शांतपणे म्हणाल्या, "आधारच्या वेळी दिलीतच ना दहाही बोटे? तेव्हा कुठे गेला होता मान?" आम्ही म्हणालो, "तेव्हा आम्ही कोण, एवढेच विचारले होते. हे लोक आम्ही काय केले ते विचारतात." त्या म्हणाल्या, "मग सांगा की. लपवायचे काय आहे?"

दुसऱ्या दिवशी एका लहानशा दुकानात गेलो. एका बाजूस पार्सले स्वीकारीत होते, दुसऱ्या बाजूस ठसे घेत होते. तेथील मुलीने आमचे एकेक बोट धरून काचेवर दाबले. पण यंत्र काही केल्या रेषा ओळखीना. तिने बोटांस मलम चोळले, पुन्हा दाबले. वय झाले म्हणजे रेषा झिजतात, असे ती म्हणाली. खडूनेही झिजल्या असतील, असे आम्ही मनात म्हटले. तिसऱ्या खेपेस ठसे उमटले. काही दिवसांनी निरोप आला की आमच्या नावावर कोणतीही नोंद नाही. मंडळींच्याही नव्हती. घरात त्या दिवशी गोड झाले.

परवाना भिंतीवर लागला आणि मुले येऊ लागली. आता आमच्या मंडळींची परीक्षा सुरू झाली. सात महिन्यांची एक मुलगी पाळण्यात उताणी, पांघरुणावाचून निजलेली पाहून त्या आपली मऊ गोधडी व मोहरीची उशी घेऊन धावल्या. सूनबाईने हात जोडून त्यांना थांबविले. बारा महिन्यांखालील मूल उताणेच निजवावयाचे, आणि पाळण्यात उशी, पांघरूण, खेळणे काही ठेवावयाचे नाही, असा नियम. तान्ही मुले झोपेत अकस्मात दगावण्याचे प्रकार त्या देशात पुष्कळ होत. १९९२ साली तेथील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने मुले पालथी न निजविण्याचा सल्ला दिला, १९९४ पासून त्याचा मोठा प्रचार झाला, आणि अशा मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. याखेरीज निजलेल्या तान्ह्या मुलास दर पंधरा मिनिटांनी जवळ जाऊन पाहावयाचे, श्वास नीट आहे ना, अंग तापले नाही ना, आणि ते वेळेसह लिहून ठेवावयाचे. गोधडी परत पेटीत गेली. मंडळी दोन दिवस घुश्शात होत्या. तिसऱ्या दिवशी त्याच घड्याळाकडे पाहून सूनबाईस आठवण देऊ लागल्या. आम्ही शाळेच्या घंटेवर आयुष्य काढलेले. आम्हांस हे काम आवडले.

आणखी एक गोष्ट आम्हांस नवलाची वाटली. पाळणाघर चालू असताना आईबापांस वाटेल तेव्हा, न कळविता, आत येऊन पाहण्याचा हक्क आहे, आणि तो हक्क त्यांस लेखी कळवावा लागतो. आमच्या शाळेत पालक फाटकाशी उभे राहत, आणि बोलावल्याखेरीज आत येत नसत. ती आम्ही शाळेची प्रतिष्ठा समजत होतो.

एके दुपारी मुले निजली असता आम्ही पुन्हा ती चळत उघडली. मुलांच्या हक्कांचे कलम राहिले होते. मुलास मारावयाचे नाही; इतकेच नव्हे, तर त्याची चेष्टा करावयाची नाही, त्यास भीती घालावयाची नाही, अपमान करावयाचा नाही, शिक्षा म्हणून जेवण तोडावयाचे नाही. आम्ही चष्मा काढून ठेवला.

सुमारे पस्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आठवीचा वर्ग, संस्कृताचा तास. एका मुलास आम्ही 'देव' शब्द चालविण्यास सांगितले. तो तृतीयेशी अडला. ओळीने तिसरा दिवस. आम्ही त्याच्या उजव्या तळहातावर पाच छड्या मारल्या, आणि मुले हसतील असे काहीतरी त्याच्या झोपेविषयी बोललो. मुले हसली. नंतर तो चार दिवस आला नाही. पुढे शिपायाकडून कळले की, त्याची आई अंथरुणास खिळली होती, बाप मजुरीस बाहेरगावी होता, आणि हा तेरा वर्षांचा मुलगा चार वाजता उठून भाकऱ्या थापून दोन धाकट्या भावंडांस न्हाऊमाखू घालून शाळेत येत होता. सुजल्या हाताने चार दिवस त्याने ते कसे केले असेल, हे आम्ही तेव्हा मनात आणले नाही. पाच वर्षांनंतर ताडनाची मुभा देणारे सुभाषित आम्हीच फळ्यावर लिहीत आलो होतो. बालकांच्या शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने शाळेत मारण्यास बंदी केली, तेव्हाही शिक्षकांच्या खोलीत, आता शिस्त बुडाली, असे म्हणणाऱ्यांत आमचा आवाज मोठा होता.

आमच्या नावावर कोणतीही नोंद नाही, असे दोन सरकारांच्या दप्तरांत लिहिलेले आहे. पण त्या दुपारी, पाळण्याशेजारी बसलो असता, ज्या हाताचे ठसे घेतले त्याच हाताची ही नोंद आम्हांस स्पष्ट वाचता आली. चित्रगुप्ताच्या वहीस बोटांचे ठसे लागत नाहीत.

परत आल्यावर आम्ही त्या मुलाचा पत्ता काढला. मूल कसले, आता तो पन्नाशीकडे झुकलेला गृहस्थ आहे. जिल्ह्याच्या गावी त्याचे विजेच्या सामानाचे दुकान आहे. त्याने खुर्ची पुसून आम्हांस बसविले, पायांस हात लावला. आम्ही जे सांगावयाचे ते अडखळत सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "गुरुजी, मार मी केव्हाच विसरलो. त्या वेळी सगळेच मारीत. पण झोप का येते, असे तुम्ही एकदा विचाराल असे वाटले होते." एवढे बोलून त्याने चहा मागविला. त्याने क्षमा केली की नाही हे आम्ही विचारले नाही, आणि त्यानेही सांगितले नाही.

आपल्याकडेही या विषयाचा विचार झाला नाही असे नव्हे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीस गरिबांच्या मुलांसाठी बालवाडीचे काम आरंभिले. १९४८ च्या कारखाने कायद्याने पन्नासहून अधिक स्त्रिया कामास असतील तेथे पाळणाघराची सक्ती केली. २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास वा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांवर ती जबाबदारी घातली, आणि आईस दिवसातून चार वेळा मुलास पाहून येण्याची मुभा दिली. परंतु शेजारच्या काकूंनी दोन खोल्यांत चालविलेली जी घरगुती पाळणाघरे आम्ही पाहिली, त्यांतील एकाच्याही भिंतीवर परवाना पाहिल्याचे आम्हांस स्मरत नाही. तेथे सर्व भिस्त काकूंच्या मायेवर. माया पुष्कळ असते. आमच्या वाड्यातही ती थोडी नव्हती. तरी विहिरीस कठडा नव्हता.

आमच्या पुतण्याचे मूल येत्या महिन्यापासून अशाच एका घरी जाणार आहे. आम्ही त्या उभयतांस चार प्रश्न कागदावर लिहून दिले आहेत: एकूण मुले किती आणि पाहणारे किती? घरात आणखी कोण कोण राहते? निजलेल्या मुलाकडे कितीकदा पाहतात? आणि आम्ही न सांगता आलो तर चालेल काय? पुतण्या म्हणाला, "काका, असे विचारले तर त्यांना अपमान वाटेल." आम्ही म्हणालो, "वाटेल. आम्हांसही वाटला होता. तरी विचारा."