मजकूर मोकळा राहावा म्हणून

प्रकाशकांच्या आणि ग्रंथालयांच्या जुन्या संगणकीय दस्तऐवजांचे रूपांतर करून देणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे, ‘पीडीएफचे वर्ड करून देणारे एखादे फुकट सॉफ्टवेअर सांगा’ ही मागणी माझ्याकडे वरचेवर येते. आणि एखादे नाव सांगून ती पुरी करता येत नाही, कारण मराठी मजकुराच्या बाबतीत खरी अडचण सॉफ्टवेअरच्या किमतीत नसून दस्तऐवजाच्या पोटात काय साठवले आहे, यात असते.

अडोबी कंपनीने १९९३ साली पीडीएफ हे स्वरूप प्रसृत केले ते पान सर्वत्र सारखेच दिसावे या हेतूने. त्यामुळे अक्षराची आकृती आणि तिची पानावरील जागा यांची नोंद त्यात चोख असते. ती आकृती कोणत्या वर्णाची, ही नोंद मात्र दुय्यम आणि देवनागरीच्या बाबतीत पुष्कळदा अपुरी असते. छापून निर्दोष दिसणारा परिच्छेद उचलून दुसरीकडे ठेवला की वेलांट्या जागा सोडतात व जोडाक्षरे फुटतात, ते यामुळेच. लिबरऑफिसच्या ‘ड्रॉ’मध्ये पीडीएफ उघडते आणि एखादे नाव वा तारीख दुरुस्त करण्यापुरते काम भागते, पण सलग मजकूर ओळीओळींच्या सुट्या चौकटी होऊन हाती येतो. बर्कलेचे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जॉन मॅकफार्लेन यांनी २००६ साली सिद्ध केलेले पॅनडॉक अनेक स्वरूपांची परस्परांत रूपांतरे करते. तेही पीडीएफ घडवते, वाचत मात्र नाही.

याहून बिकट प्रकरण जुन्या टंकांचे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी प्रत्येक टंककाराने इंग्रजी अक्षरांच्या जागी आपल्या मर्जीने देवनागरीचे तुकडे बसवले. तो टंक संगणकावर नसला की अख्खी कादंबरी रोमन अक्षरांचा नि चिन्हांचा अर्थहीन ढीग होऊन बसते. तुकड्यांच्या जागी वर्ण बसवणारा तक्ता केला म्हणजे भागले, असेही नाही. ऱ्हस्व वेलांटी तिथे व्यंजनाच्या आधी टंकलेली असते, युनिकोडमध्ये ती नंतर यावी लागते. ‘सूर्य’मधला रफार तिथे ‘य’च्या मागून येतो, तर युनिकोडला ‘र’ आधी हवा असतो. आणि ज्या तक्त्याला आपल्या ‘ऱ्या’ची खबर नाही, तो ‘दऱ्या’चा बिनदिक्कत ‘दर्या’ करून ठेवतो. शुद्धलेखन तपासनिसालाही ही चूक सापडत नाही, कारण दोन्ही शब्द मराठीच. इथेच मुक्त सॉफ्टवेअरची थोरवी मला पटली: त्याचा तक्ता उघडून पाहता येतो, त्यात हवी ती ओळ घालता येते आणि दुरुस्त प्रत दुसऱ्याला देण्याची मुभा परवान्यानेच दिलेली असते.

केवळ छायाचित्रच उरले असेल, तर टेसरॅक्ट हाताशी घ्यावे. एचपी कंपनीत जन्मलेले व २००५ साली खुले झालेले हे अक्षरओळखीचे साधन मराठी वाचते. पान इंचाला तीनशे ठिपके या दराने स्वच्छ टिपलेले असावे आणि मूळ पानाशी ओळ न् ओळ ताडून पाहण्याची तयारी असावी, एवढेच.

फुकट रूपांतर करून देणाऱ्या संकेतस्थळांविषयी माझे मत कठोर आहे. मृत्युपत्र, खरेदीखत किंवा आधारपत्राची प्रत तिथे चढवणे म्हणजे ती अनोळखी माणसाच्या दप्तरी रुजू करणे होय. तेच काम आपल्याच संगणकावर, जाळ्याशी संबंध न ठेवता, लिबरऑफिसकडून विनामूल्य होत असताना ही जोखीम पत्करण्याचे कारण मला दिसत नाही.

लिबरऑफिसचे ओडीटी हे स्वरूप २००६ सालीच आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य झाले. अशा फाइलच्या प्रतीच्या नावाचा शेवट बदलून ‘झिप’ करा आणि ती उलगडा. आत ‘कंटेंट’ नावाच्या फाइलीत, खुणांच्या गर्दीत का होईना, तुमचे मराठी वाक्य सरळ वाचता येते. ज्या दस्तऐवजाचे अंतरंग असे उघडे आहे, तो वाचण्यासाठी उद्या कोणत्याही एका कंपनीवर अवलंबून राहावे लागणार नाही.

म्हणून दिवाळी अंकांच्या संपादकांना माझी कळकळीची विनंती आहे: अंक छापखान्यात गेला की पीडीएफबरोबर प्रत्येक लेखाची युनिकोडमधील ओडीटी प्रतही जपून ठेवा, आणि ती ठेवण्यापूर्वी तिच्यातला एक परिच्छेद दुसऱ्या संगणकावर उघडून वाचून पाहा.