एक पुस्तक, एक मासिक

आईने आयुष्यभर वाचलं, पण विकत घेतलेलं पुस्तक तिच्या हातात फार क्वचित आलं. तिची सगळी पुस्तकं लायब्ररीची. मुलुंड स्टेशनजवळ, पिठाच्या गिरणीला लागून एका अरुंद गाळ्यात ती सर्क्युलेटिंग लायब्ररी होती. आधी अनामत भरायची, मग महिन्याच्या वर्गणीत एका वेळी एक पुस्तक आणि एक मासिक. खाकी कव्हर, पाठीवर शाईने लिहिलेला नंबर, गिरणीमुळे पानांवर पिठाची बारीक पूड. भाजीच्या पिशवीतून कोथिंबिरीच्या खाली शैलजा राजे यायच्या, ज्योत्स्ना देवधर यायच्या, आणि नारायण धारप आले की दिवा उशिरापर्यंत जळायचा.

लायब्ररीच्या नोंदवहीत नाव मात्र बाबांचं होतं. बाबा पेपरापलीकडे काही वाचत नसत. पण त्या काळी रेशनकार्डापासून सगळंच पुरुषाच्या नावावर असायचं, तसं हेही.

दिवाळीत एकदाच जादा पैसे भरले की होळीपर्यंत दिवाळी अंक मिळायचे. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 1909 साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी घरात फराळासोबत अंक आले खरे. पण 'मौज', 'हंस', 'दीपावली', 'आवाज' हे सगळे विकत घेणं कारकुनाच्या पगारात बसत नव्हतं. ते बसवलं या गाळ्यांनी. लायब्ररीचे काका तर पुस्तक पुढे करतानाच हात मागे घेत, "वहिनी, हे तुमचं वाचून झालंय."

गाळा बंद झाला. लोक टीव्हीला दोष देतात, मोबाइलला देतात. मला वाटतं, जागेच्या भाड्याने जास्त घात केला. महिन्याच्या किरकोळ वर्गणीवर उपनगरात स्टेशनजवळचा गाळा कोण चालवणार? आई त्यानंतर पेपरची पुरवणी शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचायची. नवं पुस्तक आणू का विचारलं तर म्हणायची, "एकदा वाचायला एवढे पैसे?"

ती गेल्यावर माझं वाचन थांबलं. ओळी डोळ्यांखालून जायच्या, आत काही उतरत नसे. मग एकदा घरातली रद्दी द्यायला गेले असताना रद्दीवाल्याच्या ढिगात 'स्मृतिचित्रे' दिसलं. कुठल्याशा वाचनालयाचा पुसट शिक्का होता त्यावर. त्याने ते रद्दीच्याच भावाने दिलं. लग्नानंतर नवऱ्याकडून लिहाय-वाचायला शिकलेल्या लक्ष्मीबाई टिळकांचं हे पुस्तक मी लोकलमध्ये उघडलं आणि भांडुप यायच्या आत मोठ्याने हसले. हे आईला सांगायला हवं, असं मनात आलं. पुढची दोन स्टेशनं पान उलटलं नाही. पण नंतर उलटलं, आणि उतरायचं स्टेशन आलं तरी पुस्तक मिटवेना.

स्वस्तात वाचायच्या वाटा आजही आहेत. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी हक्क खुले होतात, म्हणून लक्ष्मीबाई, साने गुरुजी स्वस्त आवृत्त्यांत मिळतात. साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तकं संकेतस्थळावर फुकट आहेत. आणि संस्थांची ग्रंथालयं तर हाकेच्या अंतरावर: ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 पासूनचं, पार्ल्याचा लोकमान्य सेवा संघ 1923 चा, मुलुंडला महाराष्ट्र सेवा संघ. खाकी कव्हरातली पुस्तकं मी पुन्हा घरी आणते आहे. दुसऱ्या कुणीतरी वाचून परत केलेलं पुस्तक मला नव्या कोऱ्या पुस्तकापेक्षा जवळचं वाटतं.

तुमच्या घरात आई, सासू, आजी दुपारी एकटी बसत असेल, तर जवळच्या ग्रंथालयात तिला घेऊन जा. तिथली दोन-चार पुस्तकं तिला स्वतःच्या हाताने चाळू द्या. वर्षाची वर्गणी तुम्ही भरा, पण खातं तिच्या नावाने काढा.